एकविसावं अक्षर

तुम्ही विचारता, दत्त्या रोज त्या जुन्या कॉम्प्युटरपुढं काऊन बसते? आयका तर.

मलकापुरात माह्या दोस्तानं, रफिकनं, त्याच्यावर रक्तदात्यांची यादी केली होती. नावाले वीसच अक्षरांची जागा. म्या मस्करीत माह्या नावासंग बाप, आजा, गाव, सारं ठोकलं. जास्तीची अक्षरं दुसऱ्यांच्या नावांवर चढली अन् यादीचा सत्यानाश झाला.

मले वाटलं, आता रफिक मले हाणते. तो म्हणे, "चूक माही हाय बे. लांबी तपासलीच नाही म्या."

बिचाऱ्यानं दारोदार फिरून नावं पुन्हा आणली. मंग इलाज केला: एकविसावं अक्षर दाबलं का पडद्यावर येते, "बस कर बे, दत्त्या!"

रफिक वारला. भाबीनं मशीन मले देल्ली.

मी रोज एकविसावं अक्षर दाबतो.