बॅनरवाल्यानं बुजवलेला खड्डा

जाफराबादच्या स्टँडवर भोकरदनच्या गाडीची वाट बघत अर्पितानं पुस्तक उघडं धरलं होतं खरं, पण तिचे दोन्ही कान मागच्या बाकावर जाऊन बसले होते. तिथं मोनिका नावाच्या एका ताईची आणि तिच्या रायभानकाकांची चांगलीच जुंपली होती.

"काका, माझ्या अभिनंदनाचं बॅनर लावायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आपली पोरगी डोळ्याला न दिसणाऱ्या रेणूचा फोटो काढती, मंग लावू न्हाई का?"

"लावा की. पण बॅनरवर छापलेल्या त्या रेणूंच्या फोटोत एक खड्डा होता, तो कुठं गेला?"

"सोन्याच्या पत्र्यावर रेणूंच्या इतक्या बराबर रांगा, अन् मधातच एक जागा रिकामी. पडलेल्या दातावानी दिसत होतं. बॅनरवाल्याला म्हणलं, शेजारचा उचलून तिथं चिटकव."

"त्याच रिकाम्या जागेवर माझं सगळं संशोधन हाय. ती जागा हाय म्हणून बाजूचे रेणू सरकतात."

"आता मला काय ठाव, बाई?"

"विचारायचं तरी. बॅनरचा फोटो माझ्या सरांपर्यंत गेला. ते विचारून राह्यले, खरा फोटो कोणता अन् खोटा कोणी केला. लबाड ठरून राह्यले मी तिथं."

"उतरवतो जल्दी."

"उतरवून काय होतं? सरांशी बोला. घ्या, लावला फोन."

अर्पितानं वाचायचं सोंगसुद्धा सोडून दिलं.

"हॅलो सर, मी मोनिकाचा चुलता. आमची पोरगी लई हुशार हाय, सर, लहानपणापासूनच..."

"ते न्हाई, काका. खड्ड्याचं सांगा."