मला वाटलं, हसताय

नाही, चहा नको—म्हणजे नको असं नाही, सांडेल माझ्याकडून इथे, तुमच्या चॅपलच्या, या छोट्या चर्चच्या गालिच्यावर. तर काय सांगत होतो नेस्टा आंटी, चाक तुम्हाला लागलंच नव्हतं. लागलं होतं का? नाही ना! मागच्या टेकडीवर, मेंढ्यांच्या वाटेवर, मी नुसती मोटारसायकल गोल गोल फिरवत होतो तुमच्याभोवती, आणि तुम्ही हसत होता. आईशप्पथ! डोळे हे एवढे मोठे, तोंड उघडं, दात दिसतायत—मला वाटलं, म्हातारी खूश आहे, मार अजून एक चक्कर. म्हातारी म्हणजे—सॉरी. मग तुम्ही पडलात, खुब्याचं हाड मोडलं, पोरं ओरडली, येस्टिन, पळ! पळालो. कोण नाही पळणार?

आता कोर्टाने नेमलेल्या या सिआन मॅडम दर मंगळवारी मला चेहऱ्यांचे फोटो दाखवतात. हो ना मॅडम? हा माणूस रागावलाय का, ही बाई रडवेली झालीय का. राग मला झटक्यात कळतो, राग घरीच फुकटात शिकलो, आमचा बाप जिन्यावर पाय कसा टाकतो त्यावरनं सांगेन—ते जाऊ दे. पण घाबरलेला चेहरा आला की आपली दांडी गुल. हसतोय म्हणतो, नाहीतर दचकलाय. मॅडम म्हणतात, भुवया बघ. भुवया काय बघायच्या, त्या सगळ्यांनाच असतात!

हे बघा आंटी, मी काही मागायला आलो नाही—आलोय. मागायलाच आलोय. तुमच्या गल्लीत पाऊल टाकायची कोर्टाची मनाई आहे मला, आणि तुमच्या शेजारच्या घरात माझी आजी आहे. तिला आता जिना उतरवत नाही. बाप पिसाळला की मी तिच्याकडेच झोपायचो, माहितीये तुम्हाला, भिंतीपलीकडनं ऐकलं असेल सगळं. तुम्ही 'येऊ दे त्याला' म्हणालात तर मॅडम तसं कोर्टाला लिहितील, मग येईन, चालत, गुपचूप. गाडी विकली मी. बरं, विकली नाही, विकणार आहे—बसतो मॅडम, बसतो, बसून बोलताच येत नाही मला—आंटी, नुसतं हो म्हणा ना! एवढं काय अवघड आहे? एक शब्द!

हो? मान हलवलीत? मॅडम, बघितलंत, हो म्हणाल्या त्या! हो म्हणाल्या—

खुर्ची का मागे सरकवताय, आंटी? मी काही करत नाहीये. मी नुसता उभा आहे.

भुवया वर गेल्यात, डोळे हे एवढे मोठे—टेकडीवर होता तोच चेहरा. घाबरलात. मला घाबरून हो म्हणताय.

नको मॅडम, ते हो लिहू नका. चला इथून.