लॉनमधली बाभळ

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं चालवून घ्या.

सोलापुरात एका निवृत्त बाईंच्या बंगल्यावर मी बागकाम करतो. लॉन वाळवलं म्हणून आधीच्या माळ्याला त्यांनी काढलं होतं. मी ते खणून नवं बी पेरलं आणि वर सांगोल्याच्या मामाकडचं ताजं लेंडीखत पसरलं. दहाव्या दिवशी कोवळ्या गवतात भलतीच रोपं दिसली. मी ती ओळखली.

तेवढ्यात बाई अनवाणी आल्या. "दत्ता, हे लाजाळू का रे? हात लावला तरी मिटत कसं नाही?"

मी म्हणालो, "बाई, बाभळ हाय ती. मामाच्या शेळ्या शेंगा खात्यात, बिया लेंडीतनं पडत्यात. खत कुजवायला पायजे होतं, मी तसंच टाकलं."

बाईंनी पाय मागे घेतला. मग म्हणाल्या, "काटे कधी टोचायला लागतात?"

"अजून महिनाभर तरी न्हाय."

"मग महिनाभर तुझी नोकरी आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच मी फाटकाजवळ उकिडवा बसलो आणि गवताला धक्का न लावता एकेक बाभळ मुळासकट उपटायला लागलो.