घर मठाला

वकिलाच्या कचेरीबाहेर शिंपीणबाई नंबर लागायची वाट पाहत होती. शेजारी एक म्हातारी आणि तिचा भाऊ कुजबुजत होते. पण दोघेही कानाने अधू, त्यामुळे कुजबूज पार जिन्यापर्यंत पोचत होती.

"ताई, राहतं घर मठाला? देवाला काय घरांची वानवा आहे?"

"तुला राहू देतील. तशी अट घालतेय मृत्युपत्रात."

"मग ठीक."

"फक्त भल्या पहाटे उठून त्यांच्याबरोबर प्रार्थना म्हणायची."

"अगं, मी जन्माचा नास्तिक!"

"मग हळू आवाजात म्हण."

"आणि चहा?"

"प्रार्थनेनंतर. बिनसाखरेचा."

"सख्ख्या भावावर कसला सूड उगवतेस?"

"एवढं जड जात असेल, तर मला मरू देऊ नकोस."

वकिलाने आतून हाक मारली. भाऊ ताडकन उठला.

"साहेब, आज राहू द्या. हिला खोकला झालाय, आधी डॉक्टरकडे नेतो."

शिंपीणबाईने पाय आखडून वाट दिली. तेव्हा कुठे म्हातारी खोकली.