परशरामच्या अंगावरून काढलेलं ब्लँकेट

समोर खुर्च्यांवर बसलेले साहेबलोक, अन् मागं सतरंजीवर बसलेल्या तांड्यातल्या माय-बापहो,

मले भाषण येत नाई. पण या शोकसभेत आत्ताच निरीक्षणगृहाचे अधीक्षक साहेब बोलले, परशराम लय गुणाचा पोट्टा होता म्हणे. हो साहेब? मंग कोंडला काहून?

मी गजू, राजूरचा. निरीक्षणगृहात परशरामच्या बाजूलेच झोपत होतो. त्याचा गुन्हा सांगू? कापूस खरेदीच्या रांगेत उभ्या गाडीतून त्यानं थैलीभर कापूस ओढला. पंधरा वर्साचा पोट्टा! त्याच रांगेत काटा मारणारे होते, भाव पाडणारे होते. ते घरी जाऊन जेवले. हा आत गेला.

आत काय होतं? दोघांत एक फाटकं ब्लँकेट. डाळीत डाळ शोधा लागे. सगळ्याइले खरूज. ही त्याची याडी, त्याची माय, सोनाबाई. राळेगावहून एस्टीनं भाकर घेऊन आलती. गेटावरूनच हाकलली. म्हणे, आज भेटीचा वार नाई.

मंग एक दिवस तपासणीले मोठे साहेब आले. त्या सकाळी नवीन ब्लँकेटं आली. जेवणात अंडी आली. आमाले पढवलं, 'सगळं बेस हाय' म्हणा. मोठ्या साहेबानं विचारलं, "काय बाळांनो, मजेत ना?" आमी मुंड्या हालवल्या. परशराम उभा राह्यला. म्हणाला, "साहेब, आज तुमी इथंच झोपा. नाईतं हे ब्लँकेटं तुमच्यामागं निंगून जातात."

मोठे साहेब हासले. "चुणचुणीत आहे हो पोरगा!" म्हणाले. नाश्ता केला, गेले. काय ते डोळे, बाप्पा! खरूज दिसली नाई, बशीतले काजू बरोबर दिसले.

गाडी फाटकाबाहेर गेली अन् ब्लँकेटं गोळा झाली. परशरामले कोठीत टाकलं. पूस महिन्याची थंडी, खाली नुसतं सिमिट. ताप चढला. दारामागून मले म्हणे, "गजू, लय हीव भरून राह्यलं रे." मी काळजीवाहकाले सांगितलं. तो म्हणे, "नाटकं करून राह्यला. साहेबापुढं लय जीभ चालत होती ना?"

दार उघडलं तवा परशराम बोलत नव्हता. दवाखान्यात नेईपर्यंत संपला.

अन् अधीक्षक साहेब, तुमी याडीले काय सांगितलं? पोट्टा आधीपासूनच आजारी होता! थू तुमच्या जिभेवर. येताना एवढा जाड हार आणला. अंगावर एक ब्लँकेट ठेवलं असतं, त हार लागला नसता. याडीनं तो फोटोले घालू नाई देल्ला. तुमच्या खुर्चीखाली पडला हाय. घरी घेऊन जा.

आता म्हणून राह्यले, दोन मिनिटं शांत उभे राहा. आमी आत लय गप राह्यलो. आता तुमी राहा. उठा, साहेबलोकहो. खाली पाहू नका, तिच्याकडं पाहा.

याडी, तू रड. मोठ्यानं रड. हे सगळे ऐकतीन.