टेकडीवर यांच्यासोबत कोण कोण गेलं

हॅलो?… हो ताई, मीच. बोल… नाही गं, यांचं कपाट आवरत होते… हो, झाली ना शोकसभा काल. वाचनालयाच्या सभागृहात… अगं, बसायला जागा नव्हती. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, जाऊन महिना झाला, तरी यांच्यासाठी माणसं जिन्यात उभी… हो, अभिमान वाटला. वाटायलाच हवा ना?… काही झालं नाही गं… बरं, ऐक. ऐक तर.

एकेक जण उठून बोलत होता. सुतार म्हणाला, यांनी त्याला चाळिशीत तलावात पोहायला शिकवलं. मुख्याध्यापक म्हणाले, त्यांचा पाय मुरगळला तेव्हा यांनी पाठीवर घेऊन टेकडी उतरवली… हो, यांनीच. घरात सिलिंडर सरकवायचा म्हटलं की कंबर धरून बसायचे… हसू नकोस. मग ती दातांची डॉक्टरीण उठली. म्हणते, "रविवारी चढ संपला की साहेब गाणं म्हणायचे." गाणं, ताई. अडतीस वर्षांच्या संसारात मी यांची साधी शीळ ऐकली नाही… छे, संशय कसला? तिचा नवरा शेजारीच होता, डोळे पुसत. तोही जायचा. सगळं गाव जायचं, मी सोडून. जळफळाट झाला तो त्याचा… हो, जळफळाटच. दुसरा शब्द नाही.

विचारायचे की. लग्नानंतर दोन वर्षं, दर रविवारी, "येतेस?" मी म्हणायचे, धुणं कोण करणार, सासूबाईंचं पथ्य कोण बघणार. मग विचारणं थांबलं… माहीत आहे गं, सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली. पण यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मी आपणहून कशाला तोंड उघडू?

काय म्हणालीस?… परत बोल… तूही?… कधी?… भावजी गेल्यावर? वर्षभर, दर गुरुवारी?… मला सांगायचे, खात्यातल्या मित्राकडे चाललोय… "तिला सांगू नका" असं तू म्हणालीस? का?… रडायला जायचीस म्हणून… माझ्यापुढे रडली असतीस तर काय बिघडलं असतं?

नाही, रागावले नाही… रागावलेच आहे. बाहेरच्यांचं एक वेळ सोडून देईन. तू सख्खी बहीण… थांब, कपाटाचं दार लावून येते… हं, आले.

ताई, माझं काही बोलायचे का?… खरं सांग हं, मला बरं वाटावं म्हणून रचू नकोस… दर वेळी?… वरून आपली गच्ची दिसते?… आणि तिथे थांबायचे?… काय म्हणायचे?… "ताई, बघा, आली ती गच्चीवर"… एवढंच?… आणि मी दिसले नाही तर?… दिसेपर्यंत?

मला खालून नुसती झाडं दिसायची गं… नाही, बाकीचं फोनवर नको. उद्या सकाळी ये. ती जागा दाखव मला… गुडघ्यांचं राहू दे. दुखले तर बसू कुठेतरी… नाही, त्या लोकांना सांगू नकोस. डॉक्टरणीला तर नाहीच. आपण दोघीच… आणि हे बघ, वाट तू सांग, पण पुढे मी चालणार… हो, तेवढं हवंय मला. सातला ये. ठेवते.