मांगून कडू लागते

"छान" म्हणालात? परत एकदा म्हणा, मले तोंड पाहू द्या तुमचं. हां — डावी भुवई वर गेली. अहो आयुषजी, ती तीन नंबरच्या टाकीतली संत्र्याची वाईन आहे, ती टाकी बिघडली, पार सिरका झाला तिचा, आई त्यात मिरच्या घालते. अन् तुम्ही घोटभर पिऊन छान म्हणून राहिले. मुलगी पाहायले आलेला माणूस काहीही पिते वाटते. हसा, हसा — मोठे लोक ओसरीत पोहे खाऊन राहिले, त्यायले ऐकू जात नाही.

वंदनाकाकूनं स्थळ आणताना काय सांगितलं तुमाले — उन्नती फूड प्रोसेसिंगमध्ये आहे? खोटं नाही ते. नागपुरात बीएस्सी, मग नाशिकले वाईनचा कोर्स, मग तिथंच दोन वर्षं नोकरी — नोकरी म्हणजे काय, तं गमबूट घालून दुसऱ्याच्या टाक्या धुवायच्या. तुमाले वाटलं ग्लास फिरवत बसत असंन? मग वाटलं, त्यायच्या द्राक्षाचं एवढं नाव होते, तं आमच्या खापा गावच्या संत्र्यानं काहून फक्त बर्फीतच जावं? आली वापस, बाबाले म्हटलं शेड द्या. बाबा जन्मात कधी प्याले नाहीत. पण पहिली वाईन झाली तं सगळ्यायसमोर एक घोट घेतला, गिळला, अन् मग म्हणाले, "बेटा, मांगून कडू लागते." दोन दिवस बोलली नाही मी त्यायच्याशी. तिसऱ्या दिवशी चाखली — कडूच होती. बी अन् आतली पांढरी साल रसात गेली की असं होते, कोर्समध्ये शिकली होती, अन् रस काढायच्या मशीनीच्या नादात विसरली. तवापासून सारं हातानं सोलतो. बाबा सगळ्यात जास्त सोलतात — टाकीकडे पाठ करून बसतात, पण सोलतात.

ही घ्या, ही एक नंबरची. सोमवारी पुण्याचा व्यापारी चाखायले येऊन राहिला. त्यानं घेतली तं शेड चालते, बाटलीवर नागपूर लिहिलेलं लोक वाचतात. नाही घेतली तं मी परत नाशिकले, गमबुटात. घरात सगळे म्हणतात मस्त झाली. बाबायनं? त्यायनं नाही चाखली अजून — म्हणजे मीच दिली नाही. काहून म्हणजे, असंच. ते खरं बोलतात ना.

घ्या ना. अजून एक घोट काहून? भुवई तं हलली नाही. बोला — कडू? मांगून? थोडीशी?

हं.

मलेही लागली. आठ दिवस झाले. शेवटचे दहा क्रेट मी न सोलता मशीनीत टाकले, बाबा बाजारले गेले तवा — घाई झाली होती मले. दोन नंबरची टाकी चांगली आहे, तिच्यात मिसळून पाहता आलं असतं, पण त्यासाठी आधी कोणाजवळ तरी कडू आहे म्हणावं लागते. भीती वाटून राहिली होती मले. तुम्ही काल आले असते तं एक दिवस वाचला असता.

द्या तो ग्लास इकडे. जा आता, पोहे थंडे झाले असतील. बाबाले पाठवा आत, म्हणा उन्नतीनं चाखायले बोलावलं. अन् मुलगी कशी वाटली विचारलं तं काही बोलू नका बरं — तुमचं खोटं लगेच कळते.